पार्शल गुडघेबदल: इम्प्लांटची तुलना नेमकी कशी करायची

‘पार्शल करता येईल’, म्हणजे पूर्ण गुडघा न बदलता झिजलेला एकच भाग बदलता येईल, असं सर्जनने सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: कुठलं इम्प्लांट? मग माहितीपत्रकं जमा होतात. एकात हलणारी गादी, दुसऱ्यात रोबोट, तिसऱ्यात सिमेंटशिवाय बसणारा पाया. ती शेजारी ठेवून तुलना होत नाही, कारण प्रत्येक पत्रक सगळं सुरळीत झालं तर काय होईल एवढंच सांगतं. सुरळीत चाललेली इम्प्लांटं रुग्णाला साधारण सारखीच वाटतात. फरक दिसतो तो बिघडताना. म्हणून प्रत्येक पर्यायाला तीन प्रश्न विचारा: हे बिघडलं तर कसं बिघडतं, साधारण कधी, आणि बिघडल्यावर काय करावं लागतं?

आधी गुडघा, मग इम्प्लांट

गुडघ्यात तीन कप्पे असतात: आतला (दुसऱ्या गुडघ्याकडचा), बाहेरचा आणि वाटीमागचा. पार्शलमध्ये यातला एकच बदलतात. बाकीचे दोन आणि मधले एसीएल-पीसीएल हे लिगामेंट, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधणारे पट्टे, जागेवर राहतात. बहुतेक पार्शल आतल्या कप्प्याचेच असतात, त्यामुळे पुढचं बरंचसं त्याबद्दल आहे.

इम्प्लांटची चर्चा सुरू होण्याआधी फाइलमध्ये हे एक्स-रे हवेत: उभं राहून समोरून काढलेला, उभं राहून गुडघा 45 अंशांत वाकवून मागून काढलेला, बाजूचा, वाटीचा स्कायलाइन (गुडघा वाकवून वाटीमागची जागा दाखवणारा), आणि गुडघा साधारण 20 अंशांत वाकवून पाय बाहेरच्या दिशेने ढकलून धरून काढलेला ताणाचा एक्स-रे. पायाचा बाक जास्त वाटत असेल तर खुब्यापासून घोट्यापर्यंतची लांब फिल्मही. झोपून काढलेल्या एक्स-रेवर काही ठरवू नका. वजन पडल्याशिवाय गॅप, म्हणजे दोन हाडांमधली जागा, खरा दिसत नाही.

यातले दोन जरा जवळून बघण्यासारखे आहेत. ताणाच्या एक्स-रेत आतला मिटलेला गॅप उघडला पाहिजे, आणि त्याच वेळी बाहेरच्या कप्प्यात किमान 5 मिमी जागा दिसली पाहिजे. आतला गॅप उघडतो म्हणजे आतल्या बाजूचा लिगामेंट, एमसीएल, आखडलेला नाही. बाहेर पूर्ण जागा आहे म्हणजे तिथली कूर्चा शाबूत आहे. दुसरा म्हणजे बाजूने काढलेला एक्स-रे. नडगीच्या हाडाचा वरचा सपाट भाग त्यात बशीसारखा खोलगट झालेला दिसतो. हा खळगा पुढे आणि मध्ये असून मागची कड टिकून असेल तर एसीएल बहुधा काम करतोय. खळगा पार मागच्या कडेपर्यंत पोचला असेल तर एसीएल गेल्याचा संशय घ्यावा. एका साध्या फिल्मवरून अर्धी तुलना इथेच संपते, कारण एसीएल नसेल तर हलणाऱ्या गादीचा पर्याय बाद होतो.

बऱ्याच जणांना एक गोष्ट उलटी वाटते. ‘अजून थोडीच झीज आहे, आताच पार्शल उरकून टाकू’ हा हिशेब चुकतो. पार्शलला हाडाला हाड लागलेलं हवं. कूर्चा अर्धीमुर्धी शिल्लक असताना केलेल्या शस्त्रक्रियेनंतर दुखणं तसंच राहण्याचं प्रमाण जास्त असतं, आणि त्याला कुठलंही इम्प्लांट उपाय नाही. तरुण वय, नडगीच्या हाडातच बाक आणि कूर्चा बरी असेल तर हाड कापून पाय सरळ करण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार आधी व्हावा.

वय 60 च्या पुढे, वजन 82 किलोच्या आत, बसून असणारी दिनचर्या, हे 1989 साली कोझिन आणि स्कॉट यांनी मांडलेले निकष अजूनही काही ठिकाणी जसेच्या तसे ऐकवले जातात. आज अनेक सर्जन ते इतके कडक पाळत नाहीत. वाटीमागच्या थोड्या झिजेवरूनही पार्शल आपोआप नाकारलं जात नाही. वाटीच्या बाहेरच्या बाजूला हाड घासून चर पडली असेल तर मात्र गोष्ट वेगळी. संधिवाताभ (रूमॅटॉइड) किंवा तत्सम दाहक संधिवात असेल तर पार्शल नको, हा नियम कायम आहे. तो आजार पूर्ण सांध्याचा असतो, एका कप्प्याचा नव्हे.

गादी हलणारी की बसवलेली

खरी वाटणी इथे पडते. मांडीच्या हाडाच्या टोकाला धातूची गोलसर टोपी, नडगीच्या हाडावर धातूची थाळी आणि मध्ये पॉलिथिलीन या प्लास्टिकची गादी, ही रचना दोन्हीकडे आहे. बसवलेल्या गादीत, म्हणजे फिक्स्ड बेअरिंगमध्ये, ती थाळीत खटकन बसते आणि हलत नाही. हलणाऱ्या गादीत, म्हणजे मोबाइल बेअरिंगमध्ये, ती थाळीवर मोकळी सरकते, आपल्या मूळ मेनिस्कससारखी, म्हणजे सांध्यातल्या कूर्चेच्या नैसर्गिक गादीसारखी. मोबाइलमधलं सर्वांत परिचित नाव ऑक्सफर्ड. गुडफेलो आणि ओकॉनर यांनी ते घडवलं आणि एका कप्प्यासाठी 1982 पासून ते वापरात आहे. फिक्स्डमध्ये झेडयूके, पर्सोना पार्शल, जर्नी, रिस्टोरिस एमसीके ही नावं ऐकू येतात.

मोबाइलमध्ये टोपी गोलाचा भाग असते आणि गादीची वरची बाजू त्याच गोलाईची. त्यामुळे वाकवताना, सरळ करताना संपर्काचं क्षेत्र मोठं राहतं, दाब पसरतो आणि झीज फार कमी होते: ऑक्सफर्डच्या गादीत वर्षाला 0.02 ते 0.03 मिमीच्या आसपास. म्हणूनच 3 मिमी इतकी पातळ गादीही चालते. फिक्स्डची गादी वरून बरीचशी सपाट असते. टोपी तिला छोट्या ठिपक्यावर टेकते, तिथे दाब एकवटतो. त्यामुळे प्लास्टिकची जाडी जास्त हवी, आणि त्यासाठी हाडही थोडं जास्त कापावं लागतं.

मग मोबाइलच घ्यावं का? थांबा. मोकळी गादी उडी मारू शकते. तिला जागेवर धरून ठेवतो तो फक्त लिगामेंटचा ताण. वाकवलेल्या गुडघ्यातला गॅप आणि सरळ गुडघ्यातला गॅप सारखे नसतील तर एका स्थितीत गादी सैल पडते. शस्त्रक्रियेच्या वेळी सर्जन हे मोजतात कसं ते समजून घेण्यासारखं आहे. गुडघा वाकवून फीलर नावाच्या पातळ पट्ट्या गॅपमध्ये सरकवतात, समजा 4 मिमीची बसली. मग गुडघा 20 अंशांवर आणून पुन्हा मोजतात, समजा 1 मिमीचीच बसली. फरक 3. आता मांडीच्या हाडाच्या टोकाचं बरोबर 3 मिमी हाड गोल कटरने घासून काढतात आणि परत मोजतात. सरळ स्थितीतला गॅप पूर्ण ताठ गुडघ्यात का मोजत नाहीत? कारण पूर्ण ताठ केल्यावर सांध्यामागचं आवरण ताणलं जातं आणि गॅप खोटा घट्ट लागतो.

हे चुकलं, आतला लिगामेंट करवतीने दुखावला, किंवा मागे हाडाचा काटा नाहीतर सिमेंटचा खडा राहून गेला, तर गादी त्यावर अडखळते, फिरते आणि निसटते. रुग्णाला ‘खट्’ जाणवतं आणि गुडघा अडकतो. बऱ्याचदा खोल वाकवताना किंवा अंथरुणात पाय वळवताना. आतल्या कप्प्यात हे प्रमाण कमी आहे, अनुभवी हातांत साधारण शंभरात एक किंवा त्याहून कमी. पण घडलं की ऑपरेशन अटळ. लिगामेंट शाबूत असेल तर एखाद मिमी जाड गादी घालून आणि आतला अडथळा काढून काम भागतं. लिगामेंट गेलेला असेल तर पुन्हा निसटेल. मग फिक्स्ड किंवा पूर्ण गुडघा बदलण्याकडे वळावं लागतं.

फिक्स्डला निसटण्याची भीती नाही. तिथे दुखणं वेगळं आहे आणि सहसा उशिरा येतं: गादी झिजते, विशेषतः टोपी थाळीच्या मध्यावर न टेकता कडेवर टेकत असेल तेव्हा. सर्जन 2 मिमीची पट्टी वाकवलेल्या आणि सरळ, दोन्ही स्थितींत सहज सरकते का ते बघतात. मुद्दाम 2 मिमी ढील ठेवतात. गच्च बसवलं तर पायाचा बाक गरजेपेक्षा जास्त सरळ होतो, भार बाहेरच्या निरोगी कप्प्यावर जातो आणि काही वर्षांत तोच झिजतो. पार्शलमध्ये पाय ओळंब्यात सरळ करायचा नसतो, किंचित बाक ठेवायचा असतो. शस्त्रक्रियेनंतर ‘पाय अजून थोडा वाकडाच दिसतो’ अशी तक्रार कानावर येते. बहुतेक वेळा ते बरोबरच केलेलं असतं.

थोडक्यात सर्जनांच्या भाषेत: मोबाइल गॅपची चूक माफ करत नाही, फिक्स्ड टेकण्याच्या जागेची. एकूण टिकाऊपणात आणि चालण्या-वाकण्यात दोहोंची तुलना करणाऱ्या अभ्यासांत ठोस फरक सापडत नाही. बिघडण्याची तऱ्हा आणि वेळ तेवढी वेगळी. एसीएल कमजोर, वय जास्त, हालचाल कमी, असं असेल तर थाळीचा मागचा उतार कमी ठेवून फिक्स्ड बसवता येतं, मोबाइल नको. एसीएल धडधाकट, वय कमी आणि सर्जन रोज मोबाइल करणारे असतील तर मोबाइलच्या कमी झिजेचा फायदा खरा आहे.

सिमेंट की बिनसिमेंट

सिमेंट म्हणजे अॅक्रिलिकचा थर. तो टेबलावरच घट्ट होतो, पकड पहिल्या दिवसापासून पूर्ण. कालांतराने हाड आणि सिमेंट यांच्यातली पकड सुटते, हे त्याचं बिघडणं. हाड कापल्यावर ते धुऊन, कोरडं करून, कडक भागात बारीक छिद्रं पाडून मग सिमेंट दाबलं तर ते हाडाच्या जाळीत शिरतं. घाईत थापलं तर वरवर राहतं. शिवाय मागच्या बाजूला ओघळलेलं सिमेंट दिसत नाही आणि नंतर सुटून सांध्यात फिरतं, हा एक नेहमीचा त्रास.

बिनसिमेंटच्या भागांवर सच्छिद्र टायटॅनियम आणि हायड्रॉक्सीअॅपटाइटचा लेप असतो. हाड त्यात वाढतं. ब्रिटनच्या राष्ट्रीय सांधे नोंदवहीत बिनसिमेंट ऑक्सफर्डची पुनर्शस्त्रक्रिया सिमेंटच्या तुलनेत कमी दिसते. पण याचं बिघडणं लवकरचं असतं. थाळीखालची पात मुद्दाम अरुंद खाचेत ठोकून बसवावी लागते. नडगीचं हाड लहान, हाड ठिसूळ, किंवा उभी करवत मागच्या बाजूला गरजेपेक्षा खोल गेलेली असली तर तिथून हाडाला तडा जातो किंवा थाळी खचते. हे बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतच घडतं. त्या काळात आतल्या बाजूला, गुडघ्याच्या खाली अचानक वाढलेली कळ आली तर ‘ऑपरेशनचंच दुखणं असेल’ म्हणून अंगावर काढू नका, एक्स-रे काढा. हाडं बारीक आणि ऑस्टिओपोरोसिस असलेल्यांना सिमेंट जास्त सुरक्षित.

प्लास्टिक आणि धातू

यावर उगाच फार वेळ जातो. दोनच गोष्टी बघा. थाळी धातूची आहे की पूर्ण भागच प्लास्टिकचा? पूर्ण प्लास्टिकचा स्वस्त पडतो आणि कमी जाडीत बसतो. पण तो किंचित लवतो, खालच्या हाडावर दाब एकाच जागी येतो, आणि गादी झिजली तर फक्त ती बदलण्याची सोय नसते. काही जुन्या रचनांत असा प्लास्टिकचा तुकडा हाडात खळगा कोरून त्यात बसवत, त्याला इनले म्हणतात. कडेच्या हाडाचा आधार न मिळाल्याने तो खचण्याचा धोका जास्त. सपाट कापलेल्या हाडावर कडेपर्यंत टेकणारी धातूची थाळी, म्हणजे ऑनले, बरी.

दुसरी गोष्ट अॅलर्जी. टोपी सहसा कोबाल्ट-क्रोमची असते आणि त्यात थोडं निकेल असतं. घड्याळाच्या पट्ट्याने किंवा नकली दागिन्याने अंगावर पुरळ येत असेल तर सर्जनला सांगा. ऑक्सिडाइझ्ड झिर्कोनियमची टोपी किंवा टायटॅनियम नायोबियम नायट्राइडचा लेप दिलेले भाग मिळतात. ते मागवावे लागतात, आयत्या वेळी सांगून हाती लागत नाहीत.

बाहेरचा कप्पा, वाटीमागचा कप्पा

बाहेरच्या कप्प्यात साधी मोबाइल गादी टाळावी. गुडघा वाकवला की बाहेरचा लिगामेंट ढिला पडतो, त्या बाजूचा गॅप आतल्यापेक्षा बराच जास्त उघडतो आणि गादी सहज निसटते. सुरुवातीच्या सपाट थाळीच्या मोबाइल इम्प्लांटमध्ये दहातल्या एका रुग्णाला हे झाल्याच्या नोंदी आहेत. पुढे घुमटाकार थाळी आली, प्रमाण घटलं, संपलं नाही. इथे फिक्स्ड.

फक्त वाटीमागचा कप्पा बदलायचा तर सर्वांत चांगले निकाल मिळतात ते मांडीच्या हाडाची, वाटी जिच्यात सरकते ती, घळ जन्मतः उथळ असल्याने झीज झालेल्यांना. इथेही इनले आणि ऑनले आहेत. इनले मूळ घळीच्याच दिशेने बसतं. मूळ घळ वाकडी असल्यामुळेच वाटी घसरत होती, तर तोच वाकडेपणा पुन्हा धातूत उतरतो. ऑनलेत पुढचं हाड कापून दिशा सुधारता येते. इम्प्लांट कुठलंही असो, नंतर उरलेल्या गुडघ्यात झीज सुरू होणं हे इथलं पुनर्शस्त्रक्रियेचं मोठं कारण.

माप

इम्प्लांटच्या नावाइतकंच, कधी कधी जास्त, महत्त्व मापाला आहे. नडगीवरची थाळी हाडाच्या कडेपर्यंत टेकायला हवी, पण आतल्या बाजूने बाहेर डोकावता कामा नये. 3 मिमी किंवा जास्त बाहेर आली तर एमसीएल तिच्यावर घासत राहतो आणि सांध्याच्या रेषेवर बोट ठेवलं की दुखतं. उलट फार लहान थाळी कडेच्या कडक हाडावर न टेकता मधल्या मऊ हाडात रुतते. तुमची हाडं लहान असतील तर त्या इम्प्लांटचं सर्वांत छोटं माप एक्स-रेवरच्या आखणीत बसतं का आणि शस्त्रक्रियेच्या दिवशी त्याच्या शेजारची दोन मापं टेबलाजवळ असतील का, हे विचारा. हा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही, विचारायला हवा.

रोबोट

रोबोटमुळे हाडाचा काप आणि भागांची दिशा आखलेल्या योजनेच्या जास्त जवळ येते, हे खरं. चुकीच्या गुडघ्यात केलेलं पार्शल रोबोट दुरुस्त करत नाही, हेही तितकंच खरं. तुलनेच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा असा की रोबोट ठरला की इम्प्लांटही बरंचसं ठरतं. माको हा रोबोट निवडला की रिस्टोरिस एमसीके, म्हणजे फिक्स्ड आणि सिमेंटचं. तेव्हा प्रश्न ‘रोबोट की हातांनी’ असा नसतो. दोन वेगळी इम्प्लांटं समोर असतात. शिवाय दिशा कळण्यासाठी मांडीत आणि नडगीत पिना मारतात. त्या छिद्रातून पुढे हाड मोडल्याची उदाहरणं आहेत. क्वचित, पण आहेत.

सर्जन किती पार्शल करतात

ही ओळ सर्वांत वर लिहिली तरी चाललं असतं. सांधेबदलांच्या राष्ट्रीय नोंदवह्यांमध्ये सर्वांत ठळक फरक दोन इम्प्लांटमध्ये नव्हे, तर वर्षाला मोजके पार्शल करणाऱ्या आणि नियमित करणाऱ्या सर्जनांमध्ये दिसतो. सर्जनच्या एकूण गुडघेबदलांपैकी पार्शल किमान 20 टक्के असतील तर निकाल बरे, वर्षाला दहाच्या आत असतील तर पुनर्शस्त्रक्रिया जास्त. म्हणून तुमच्या सर्जनच्या हाताला सवय असलेलं फिक्स्ड हे त्यांनी तुमच्या आग्रहाखातर पहिल्यांदा बसवलेल्या मोबाइलपेक्षा केव्हाही चांगलं.

भेटीत हे विचारा, उत्तरं लिहून घ्या:

तुम्ही वर्षाला किती पार्शल करता, आणि त्यातले किती याच इम्प्लांटचे?
माझ्या ताणाच्या एक्स-रेत बाहेरचा गॅप किती मिमी आहे? एसीएलबद्दल काय मत?
आत उघडल्यावर एसीएल फाटलेला किंवा बाहेरची कूर्चा गेलेली निघाली तर त्याच वेळी पूर्ण गुडघा कराल का, आणि त्याचे भाग तयार असतील का? (संमतिपत्रात दोन्हींचा उल्लेख असायला हवा.)
गादी झिजली किंवा निसटली तर फक्त गादी बदलता येईल का?

पुढचं ऑपरेशन आताच विचारात घ्या

पार्शलची पुनर्शस्त्रक्रिया पूर्ण गुडघ्यापेक्षा जास्त होते, नोंदवह्यांत दोन-तीन पट. त्याचं एक कारण असं की दुखणाऱ्या पार्शलचा पूर्ण गुडघा करणं तुलनेने सोपं असतं, म्हणून ते लवकर केलं जातं. ब्रिटनमधल्या 27 रुग्णालयांतल्या 528 रुग्णांवर पार्शल आणि पूर्ण गुडघेबदल यांची तुलना करणाऱ्या टॉपकॅट चाचणीचे पाच वर्षांचे निकाल 2019 मध्ये लॅन्सेटमध्ये आले. त्यात दोन्ही प्रकारच्या रुग्णांचा गुडघा साधारण सारखाच चालत होता आणि पार्शल खर्चाच्या दृष्टीने सरस ठरलं. इम्प्लांट निवडताना एवढं बघा: नडगीचं हाड किती कापलं जाणार? पहिल्या वेळी काप जितका उथळ, तितका पुढचा पूर्ण गुडघा साध्या भागांनी होण्याची शक्यता जास्त. खोल काप, खचलेली थाळी किंवा मोडलेलं हाड असेल तर पुढच्या वेळी लांब दांडा आणि धातूचे ठोकळे लागतात.

शस्त्रक्रियेनंतर डिस्चार्ज कार्डावर इम्प्लांटचे स्टिकर लावलेले असतात: भागाचं नाव, माप, लॉट नंबर, गादीची जाडी. त्याचा फोटो काढून ठेवा. दहा वर्षांनी गादी बदलायची झाली तर तिची जोडी कुठली, हे त्या स्टिकरवरूनच कळतं.

आणि वर्षभरानंतरच्या एक्स-रेत थाळीखाली बारीक काळी रेघ दिसली म्हणून कुणी ‘इम्प्लांट सैल झालंय, पूर्ण बदलू’ म्हणालं, तर घाई करू नका. सिमेंटच्या पार्शलमध्ये 2 मिमीपेक्षा बारीक, कडेला पांढरी किनार असलेली आणि पुढच्या फिल्ममध्ये न वाढणारी रेघ हा नेहमीचा प्रकार आहे. रेघ रुंदावत असेल, थाळीची जागा बदललेली असेल किंवा आधी नसलेलं दुखणं सुरू झालं असेल, तर ती गोष्ट वेगळी. जुनी फिल्म सोबत नेली तरच हा फरक कुणाला सांगता येतो.